स्वस्त नसबंदी: सवलत सगळ्यांना की मोजक्यांना?

अनवट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागाच काढते. आम्ही काही जण मिळून कुत्र्यामांजरांच्या नसबंदीसाठी पैसे जमवतो. यंदा नेहमीपेक्षा बरी रक्कम हातात आलीय आणि तिथेच वादाला तोंड फुटलंय.

गटात दोन तट पडलेत. एक म्हणतो, सरसकट सगळ्यांना अर्ध्या खर्चात करून द्या. जास्त लोक येतील, आकडा मोठा दिसेल, देणगीदार खूश. दुसऱ्या तटाचं (मी त्यातली) म्हणणं असं की अर्धी सवलत घेणारा माणूस बहुतेक वेळा पूर्ण पैसे भरूनही ऑपरेशन करणारच होता. आज नाही तर दोन-चार महिन्यांनी. मग आपल्या पैशाने पिल्लं किती कमी झाली? एकही नाही. आणि ज्याला पूर्ण खर्च झेपत नाही त्याला अर्धाही झेपत नाही. म्हणून थोड्यांनाच द्या पण पूर्ण फुकट द्या, न्यायला-आणायला गाडी द्या, आणि आधी माद्या घ्या.

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये पालिकेचा स्वस्त नसबंदी दवाखाना उघडला, त्यानंतर असे दवाखाने बरेच निघाले. पण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते न्यू हॅम्पशायरचं उदाहरण. तिथे १९९४ मध्ये राज्याने कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वेगळी योजना सुरू केली. पैसा कुठून आणला, तर कुत्र्याच्या परवान्यावर थोडं जादा शुल्क लावून. पुढच्या सहा वर्षांत तिथल्या बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहांत मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या जवळपास तीन चतुर्थांशाने उतरली. ज्यांना परवडत होतं त्यांच्याकडून थोडं थोडं घेतलं आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यावर एकवटून खर्च केलं.

तुमचं मत सांगा. कुणी पशुवैद्य असेल तर सोन्याहून पिवळं.

चक्रम_बोका

तुमच्या गटातल्या पहिल्या तटाची बाजू घेतो. गरीब कोण हे ठरवणार कसं? उत्पन्नाचा दाखला मागणार? दाखल्याचं नाव काढलं की ज्यांना खरी गरज आहे तेच आधी पळतील. कागद गोळा करणं हे खाऊनपिऊन सुखी माणसालाच जमतं. सरसकट सवलतीत अपमान नाही, चौकशी नाही. शिवाय ज्याने "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकललं असतं तो सवलत संपायच्या भीतीने आजच येतो. मधल्या काळात त्याची मांजर व्यायली असती, ते टळलं. हे तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

अनवट

दाखला नकोच. माणूस निवडायचा नाही, वस्ती निवडायची. जिथून सगळ्यात जास्त पिल्लं खोक्यात भरून आणून सोडली जातात तो भाग घ्यायचा, आणि त्या भागातल्या प्रत्येकाला फुकट. कोण किती कमावतो हे विचारायचंच नाही. ढकलाढकलीचा मुद्दा मात्र मान्य, तो मी धरला नव्हता.

हिशेबनीस

आकडेमोडीचा विषय निघाला की मला राहवत नाही.

आधी एक भूत उतरवू. "एका मांजरीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं" हे पत्रक तुम्ही पाहिलं असेलच. हा आकडा एकही पिल्लू मरत नाही असं धरून काढलेला आहे. उत्तर कॅरोलिनात मोकाट मांजरांचा पाठलाग करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला. त्यात एका मादीची वर्षाला सरासरी १.४ वेतं, एका वेतात साधारण ३ पिल्लं, आणि त्यातली ७५ टक्के सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे ढोबळमानाने वर्षाला चार पिल्लं जन्मली, जगलं एक.

आता तुम्ही म्हणाल, मग एवढी काळजी कशाला? तर तेच उलटं करून बघा. वर्षाला एक जगणारं पिल्लू, त्यात अर्ध्या माद्या. मोठ्या मांजरी मरतातही, पण खाणं आणि आसरा भरपूर असेल तिथे संख्या सावकाश का होईना चढतच राहते. आणि खरी गोम पुढे आहे. दहा माद्यांपैकी तिघींचं ऑपरेशन केलं तर उरलेल्या सात जणींच्या पिल्लांना खायला जास्त मिळतं, आणि चारातलं एक जगायचं तिथे दीड जगू शकतं. म्हणजे तीन ऑपरेशनांचा परिणाम निसर्ग परस्पर गिळून टाकतो. जिथे खरोखर संख्या घटली तिथे एकाच भागातल्या बहुतेक माद्या थोड्या अवधीत झालेल्या होत्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं उदाहरण हवं असेल तर जयपूरचं आहे. १९९४ च्या अखेरीस काम सुरू झालं. २००२ पर्यंत त्या भागातल्या ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं होतं आणि कुत्र्यांची संख्या २८ टक्के घटली होती. आठ वर्षं लागली हे विसरू नका. सरसकट अर्ध्या सवलतीत शंभर प्राणी शंभर वेगवेगळ्या ठिकाणांहून येतील. कुठल्याच एका ठिकाणी ६५ टक्के होणार नाहीत. त्यामुळे माझं मत अनवट यांच्या बाजूला, पण गरिबीच्या कारणाने नाही, भूगोलाच्या कारणाने.

भाटीवाली

हिशेबनीस, तुमचा हिशेब छान. पण त्या माद्या पकडणार कोण? 🙂

मी मांजरं पकडते. सापळ्यात वर्तमानपत्र अंथरून घ्यायचं, नाहीतर पावलाला गार जाळी लागली की मांजर मागे सरकतं. खाणं पार आत, पायपट्टीच्या (पाय पडला की दार पडतं ती पट्टी) पलीकडे. पहिल्या दिवशी सापडतात ते बोके, कारण ते बिनधास्त. जी मांजर सात वेतं जगवून बसलीय ती चौथ्या दिवशीही सापळ्याभोवती फिरून घरी जाते. म्हणून शिबिरांचे आकडे फसवे असतात. पन्नास प्राणी झाले म्हणतात, त्यात पस्तीस नर. एक बोका शिल्लक राहिला तरी सगळ्या माद्यांना पुरतो. देणगीदाराला एकच आकडा सांगायचा असेल तर "किती माद्या" हा सांगा, बाकी सोडा.

आणि घरच्या मांजरांचंही असंच आहे. लोक बोक्याचं ऑपरेशन आधी करतात कारण तो कोपऱ्यात मुतून घर घाणवतो. मादी "बाहेर जातच नाही" म्हणून राहून जाते, आणि एका संध्याकाळी दार उघडं राहतं.

नंदिनी_द

मला वेगळंच विचारायचंय. आमची कुत्री आठ महिन्यांची आहे. सगळे सांगतात एक वेत होऊ द्या, मादीची तब्येत चांगली राहते, स्वभाव शांत होतो. दुसरीकडे वाचलं की लवकर केलं तर सांधे खराब होतात. कुणाचं ऐकू?

डॉ_सदाफुली

पशुवैद्य आहे, बरीच वर्षं नसबंदीचंच काम करते. एकेक करून सांगते.

नंदिनी, एका वेताने तब्येत सुधारते याला कसलाही आधार नाही. फायदा उलट बाजूचा आहे. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये गर्भपिशवीत पू होण्याचा आजार वय वाढेल तसा वाढतो. स्वीडनमधल्या विमा-नोंदींनुसार दहा वर्षांपर्यंत साधारण चारातल्या एका कुत्रीला तो झालेला होता. रात्री-बेरात्री, तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या कुत्रीची पिशवी काढणं आणि तरुण निरोगी कुत्रीची काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, धोक्यातही आणि खर्चातही.

स्तनांच्या गाठींबद्दल १९६९ चा एक जुना अभ्यास सगळे सांगतात: पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर धोका नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या ०.५ टक्केच, एका माजानंतर ८, दोनांनंतर २६. मीही वर्षानुवर्षं हेच सांगायची पद्धत पाहिली आहे. पण २०१२ मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही असं निघालं. फायदा नाही असं नव्हे, पण दशांशापर्यंत छातीठोक सांगू नये.

सांध्यांचं खरं आहे, पण सगळ्या कुत्र्यांना लागू नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर अभ्यास छापला. मोठ्या अंगाच्या काही जातींमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे आजार जास्त दिसले. लहान चणीच्या जातींमध्ये तसं दिसलं नाही. तुमची कुत्री मोठी होऊन वीस किलोच्या वर जाणार असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून थोडं थांबा, मात्र माजाच्या दिवसांत तिला खरंच सांभाळता येणार असेल तरच. लहान असेल तर थांबायचं कारण दिसत नाही.

मांजरांचं वेगळं. मांजर चार महिन्यांची असताना माजावर येऊ शकते. गाभणपण दोन महिन्यांचं, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. म्हणून "सहा महिन्यांची झाली की आणा" हा जुना सल्ला मांजरीच्या बाबतीत उशिराचा आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या मुख्य संघटनेनेही २०१७ मध्ये पाच महिन्यांच्या आत करावं याला पाठिंबा दिला. अनवट, तुमच्या निधीतून एकच गोष्ट करायची तर मी म्हणेन: चार ते पाच महिन्यांच्या मांजरी पकडा, पहिल्या वेताआधी. पहिलं वेत झाल्यावर आलेली मांजर म्हणजे आपण तीन-चार पिल्लांचा उशीर केला.

उंबरा

चर्चा वाचतोय. मला एक कळत नाही, सगळे ऑपरेशनच्याच मागे का? नॉर्वेत कुत्र्याची विनाकारण नसबंदी कायद्यानेच करता येत नाही, वैद्यकीय किंवा तसंच सबळ कारण लागतं. स्वीडनमध्ये १९८८ पर्यंत बंदीच होती. तरी तिथे रस्तोरस्ती कुत्री नाहीत. कारण माणसं प्राण्याला मोकाट सोडत नाहीत. प्राण्याच्या अंगावर सुरी चालवून आपण माणसाचा बेजबाबदारपणा झाकतो, असं नाही वाटत? आणि स्वस्त केलं की घाईही येणार. दिवसाला तीस-चाळीस ऑपरेशनं म्हणजे कारखाना झाला.

भाटीवाली

उंबरा, नॉर्वेतल्या मांजरांना कुणी दोरीला बांधून फिरवतं का हो? तुमचा मुद्दा कुत्र्यापुरता. मांजर कुंपण मानत नाही. युरोपातच जर्मनीतल्या पाडरबोर्न शहराने २००८ मध्ये बाहेर फिरणाऱ्या मांजरांची नसबंदी आणि नोंदणी सक्तीची केली, नंतर तिथल्या शेकडो गावांनी तेच उचललं. तीही शिस्तीची माणसंच आहेत की.

डॉ_सदाफुली

उंबरा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला सविस्तर उत्तर देते, कारण हा आरोप नेहमी होतो.

स्वस्त म्हणजे औषधात काटकसर असा लोकांचा समज आहे. चांगल्या ठिकाणी पैसा वाचतो तो कामाच्या रचनेमुळे. साध्या दवाखान्यात डॉक्टरच प्राणी धरतो, वजन करतो, भूल देतो, केस काढतो, ऑपरेशन करतो, मग बिल लिहितो. नसबंदीच्या केंद्रात डॉक्टर फक्त ऑपरेशन करतो. एका टेबलावर टाके पडत असतात तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढची मांजर भूल देऊन, पोट भादरून, साफ करून तयार असते. भुलीत मांजराचे डोळे मिटत नाहीत, म्हणून बुबुळ सुकू नये यासाठी मलम घालायचं, तेही मदतनीसच घालतो. प्रत्येक ऑपरेशनला वेगळा निर्जंतुक संच. छेद लहान. मांजरीच्या बीजकोशाच्या शिरेला बाहेरचा धागा न वापरता तिचीच गाठ मारायची पद्धत आहे, तिने दर मांजरीमागे काही मिनिटं वाचतात. सरावलेला हात एका मांजरीला जेमतेम दहा मिनिटं घेतो, आणि भूल जितकी कमी वेळ तितका धोका कमी. अमेरिकेतल्या आश्रयगृहांत काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने या कामाची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये छापली, २०१६ मध्ये सुधारली. त्यात वेदनाशामक देणं ऐच्छिक ठेवलेलं नाही.

पण उंबरांचा संशय पूर्ण खोटाही नाही. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, एकच चिमटा-कात्री नुसती द्रावणात बुडवून पुढच्या प्राण्याला वापरत होते. म्हणून केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. प्रत्येकाला वेगळा निर्जंतुक संच आहे का? ऑपरेशनच्या आधी आणि नंतर वेदनाशामक देता का? शुद्धीवर येईपर्यंत जनावरापाशी कोण बसतं? रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलतं? उत्तर देताना माणूस चिडला तर दुसरीकडे जा.

आणखी एक, पिल्लांना रात्रभर उपाशी ठेवून आणू नका. मोठ्या प्राण्याचं चालतं, पण छोट्या पिल्लाची साखर उतरते. ऑपरेशनआधी दोन ते चार तास पुरेत.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. माज येऊ न देणारं इंजेक्शन किंवा गोळी मिळते ना? ते किती स्वस्त पडेल. ऑपरेशनची झंझटच नको.

डॉ_सदाफुली

ती संप्रेरकाची इंजेक्शनं कृपया टाळा. वारंवार दिली की गर्भपिशवीत पू होणं आणि स्तनांच्या गाठी यांचा धोका वाढतो. माझ्याकडे येणाऱ्या पू झालेल्या मांजरींत "आम्ही दर वेळी गोळी देत होतो" हे वाक्य फार ऐकू येतं. डेस्लोरेलिन नावाचं औषध कातडीखाली बसवता येतं, ते सहा किंवा बारा महिने काम करतं, मुख्यतः नर कुत्र्यासाठी. पण ते पुन्हा पुन्हा बसवावं लागतं, म्हणजे स्वस्त नाहीच.

२०२३ मध्ये मात्र एक खरंच वेगळी बातमी आली. सहा मांजरींना जनुकोपचाराचं एकच इंजेक्शन दिलं, दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि त्या काळात दोनदा चार-चार महिने बोक्याबरोबर ठेवून पाहिलं, एकही गाभण राहिली नाही. सहाच मांजरी आहेत, बाजारात यायला वेळ लागेल. तोवर सुरी.

नंदिनी_द

डॉक्टर, मनापासून आभार. आमची चौदा किलोच्या वर जाईल असं वाटत नाही. तारीख घेते. एक शंका, लठ्ठ होते म्हणतात ते?

डॉ_सदाफुली

ऑपरेशननंतर तिला लागणारं खाणं पाव हिश्शाने तरी कमी होतं. वाटी तीच राहिली तर फुगणारच. वाटी लहान करा.

चक्रम_बोका

हिशेबनीस यांचा भूगोलाचा मुद्दा पटला. सरसकट सवलतीचा हट्ट सोडतो. पण दोन गोष्टींवर अजून अडून आहे.

एक, फुकट म्हटलं की लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत. त्या दिवशी डॉक्टर रिकामा बसतो, तो खर्च कुणी धरतच नाही. नाममात्र रक्कम आगाऊ घ्या आणि आल्यावर परत करा.

दोन, नियम फार कडक ठेवू नका. निवडलेल्या भागाच्या बाहेरची एखादी बाई पिशवीत मांजर घेऊन दारात उभी राहिली तर तिला "तुमची गल्ली यादीत नाही" म्हणून परत पाठवणार का? ती मांजर पुन्हा कधीच येणार नाही.

अनवट

आगाऊ रक्कम परत करायची कल्पना आवडली. फक्त ती गाडीवाल्याजवळच द्यायची ठेवली पाहिजे, नाहीतर त्यासाठी वेगळी फेरी मारावी लागेल. लोकांना ऑपरेशनच्या पैशापेक्षा हीच गोष्ट अडते असं वाटायला लागलंय. सकाळी सोडा, संध्याकाळी न्या, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. वर मांजर न्यायला पिंजरा नाही. पिशवीतून नेलेली मांजर रस्त्यात सुटते. त्यामुळे पैशातला एक मोठा हिस्सा गाडी आणि पिंजरे यांवर घालायचं आम्ही काल गटात जवळजवळ ठरवलं. ऑपरेशनं थोडी कमी होतील. देणगीदारांना समजावणं माझ्याकडे आलंय, बघू.

पिशवीवाल्या बाईसाठी दर दिवशी काही जागा मोकळ्या ठेवू. मादी असेल तर.

भाटीवाली, तुम्हाला एक विचारायचंय. निवडलेल्या भागात आत्ता तीन-चार मांजरी पिल्लंवाल्या आहेत. पिल्लं तुटेपर्यंत थांबायचं का? तोवर त्या परत गाभण राहतील अशी धास्ती आहे.

भाटीवाली

फार थांबू नका. पिल्लं नुकती जन्मलेली असतील तर राहू दे, पण स्वतः खायला लागली की आईला उचला. पकडण्याआधी पिल्लं कुठे आहेत ते बघून ठेवा. सापळा सकाळी पहिला तिचाच लावा, म्हणजे डॉक्टर तिला आधी घेतील आणि त्याच दिवशी सोडता येईल. ऑपरेशनने दूध आटत नाही, परत गेली की पाजते. सापळ्यावर मोठ्या अक्षरात "पिल्लंवाली" लिहून चिकटवा.

आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापून घ्यायला विसरू नका. मागे एका मांजरीला दुसऱ्या वर्षी पुन्हा भूल देऊन पोट भादरलं, तेव्हा छेदाशेजारची गोंदलेली हिरवी रेघ दिसली. झालेलीच होती.

डॉ_सदाफुली

बरोबर. फक्त पाजणाऱ्या मांजरीचा छेद कुशीतून घेता येईल का ते आधी विचारून ठेवा, पोटाकडून घेतला तर दुधाच्या ग्रंथी आड येतात. सगळ्यांना कुशीतून करायची सवय नसते.

अनवट

नोंद केली. बोक्यांचं काय करू? चार-पाच आहेत तिथे.

भाटीवाली

जागा उरली तर घ्या. आणि बोका झाल्यावरही काही आठवडे त्याच्यात दम असतो हे मांजरवाल्यांना सांगा, नाहीतर "ऑपरेशन करूनही झाली" म्हणून तुमच्या नावाने बोंब.